परग्रहावरची आई: माणसाची नसलेली मूल्यं गोष्टीत आणायची कशी?

कोळिष्टक

मंडळी, एका गोष्टीवर दीड वर्ष अडून बसले आहे, म्हणून हा धागा काढतेय.

एका ग्रहावर इलूर नावाचे जीव आहेत. आकाराने माणसाएवढे, आठ पायांचे. जाळ्यात राहतात, बोलतात, हिशेब ठेवतात, ताऱ्यांचे नकाशे काढतात. आणि पिल्लं कळती झाली की आईला खातात. कल्पना माझी नाही, निसर्गाची आहे. स्टेगोडायफस नावाच्या कोळ्यांमध्ये मादी पिल्लांना आधी तोंडातून पातळ रस भरवते. त्या दिवसांत तिचं आतलं शरीर हळूहळू विरघळत असतं. शेवटी पिल्लं तिच्या अंगावर चढतात आणि तिला शोषून घेतात. ती पळत नाही. हे वाचल्यापासून एकच विचार डोक्यात घोळतोय: हे जीव विचार करणारे असते, तर त्यांनी चांगलं कशाला म्हटलं असतं, वाईट कशाला?

वीस पानं लिहिली. नायिका नेथ, उद्या तिच्या आईचा दिवस आहे. रात्रभर दोघी बोलत बसतात. पहाटे नेथ रडत रडत आईच्या मानेशी तोंड नेते. इथे गोष्ट संपते.

दोघांना वाचायला दिली. एक म्हणाला, फार क्रूर आहे, पुढे वाचवेना. त्याचं मला काही वाटलं नाही. दुसरी मैत्रीण मात्र शांतपणे म्हणाली, "अगं, ही तर आपलीच आई आहे. लेकरांसाठी झिजणारी. तू तिला नुसते आठ पाय लावलेस."

तिचं म्हणणं खरं आहे, आणि ते लागलं. नेथ का रडते? तिच्या जातीत आजवरच्या प्रत्येक मुलीने हेच केलंय. मग रडतंय कोण? मी रडतेय, तिच्या आठ डोळ्यांतून.

मला परकेपणा हवा आहे, पण वाचकही हवा आहे. परकेपणा वाढवला की वाचकाचा हात सुटतो, कमी केला की मुखवट्याआड माणूसच उरतो. तुमच्या वाचनात हे कुठे जमलंय? पुस्तकांची यादी नको. एखादीच जागा सांगा, जिथे तुम्हाला आतून जाणवलं की हे जीव आपल्यासारखे नाहीत आणि तरी आपल्याला कळताहेत.

---

पानगळ

एकच जागा सांगतो. ऑक्टेव्हिया बटलर यांची १९८४ची कथा, 'ब्लडचाइल्ड'.

माणसं पृथ्वी सोडून एका ग्रहावर आश्रयाला आली आहेत. तिथले मूळचे रहिवासी त्लिक, अनेक पायांचे, लांबलचक. त्यांची अंडी माणसाच्या शरीरात वाढतात, बहुतेक पुरुषाच्या. गान नावाच्या मुलाला लहानपणापासून माहीत आहे की त्याची पाळी येणार. ज्या त्लिकची अंडी तो वाढवणार, ती त्याच्या घरातल्यासारखीच आहे, तिच्या कुशीत तो वाढलाय. मग एक दिवस दुसऱ्या एका माणसाचं शरीर उघडून आतल्या अळ्या काढायची वेळ येते, आणि गान ते डोळ्यांनी बघतो.

मी म्हणतो ती जागा त्यानंतरची. गानच्या हातात बंदूक आहे, जी बाळगायला माणसांना बंदी आहे. बोलणं होतं, तो अंडी वाढवायला तयार होतो, पण बंदूक परत द्यायला नाही. त्याचं म्हणणं एवढंच की आम्ही तुमची जनावरं नसू, तर थोडा धोका तुम्हीही पत्करा. तिला ते आवडत नाही. पण ती बंदूक राहू देते.

हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवलं होतं. त्या त्लिकच्या मनात 'माझं याच्यावर प्रेम आहे' आणि 'मला याचं शरीर हवंय' ही दोन वाक्यं वेगळी नाहीतच. आपण सगळी कथा वाट बघत असतो की यातलं एक खोटं निघेल. लेखिका शेवटपर्यंत कोणतंच खोटं ठरवत नाही.

माझ्या मते हे जमलं ते देवाणघेवाणीमुळे. मूल्य दिसतं ते कुणी काही मागतं आणि दुसऱ्याला काही सोडावं लागतं तेव्हा. तुमच्या वीस पानांत नेथ आणि आई एकमेकींकडे काहीच मागत नाहीत असं दिसतंय. दोघींचं आधीच एकमत आहे. एकमत झालेल्या माणसांचं बोलणं नेहमी भावनेकडे झुकतं, तेच इथे झालं असावं.

जाता जाता अगदी दुसऱ्या टोकाचं उदाहरण. स्टॅन्ली वाइनबॉम यांच्या १९३४च्या 'अ मार्शियन ओडिसी' या कथेत मंगळावर एक प्राणी दर दहा मिनिटांनी एक वीट बाहेर टाकतो आणि स्वतःभोवती पिरॅमिड रचत राहतो. कुणाकडे बघत नाही, कुणाशी बोलत नाही. परका आहे, पण त्याचं पुढे काही होत नाही. त्याला काही हवं असतं असं आपल्याला कळतच नाही.

---

सूक्ष्मदर्शी

जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे माझं उत्तर त्याच बाजूने येणार.

आधी एक पाहिलेली गोष्ट. खिडकीच्या कोपऱ्यात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. ते भिंतीवरून सुटून पडलं आणि फुटलं. आतल्या खोलीत सात-आठ लहान कोळी दाटीवाटीने भरलेले होते. मेलेले नव्हते. सुईच्या टोकाने एकाला हलवलं तर पाय अगदी किंचित थरथरला. त्यांच्यावर एक अळी, दुधाळ, तांदळाएवढी. माशीने कोळ्यांना डंख मारून लुळं केलेलं असतं, म्हणजे अळीला अन्न ताजं मिळावं. विद्यार्थी म्हणाले, किती दुष्ट. मी विचारलं, या माशीला बोलता आलं असतं तर ती कशाला दुष्टपणा म्हणाली असती? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं: "मेलेला कोळी ठेवण्याला. शिळं वाढण्याला." त्या उत्तराने मला त्या वर्षीचा सगळ्यात मोठा आनंद दिला.

डार्विनने १८७१च्या ग्रंथात याच दिशेने विचार केलाय. माणसं जर मधमाश्यांच्या परिस्थितीत वाढली असती, तर अविवाहित माद्यांना भावांना मारणं हे पवित्र कर्तव्य वाटलं असतं, आयांनी आपल्या प्रजननक्षम मुलींना मारायचा प्रयत्न केला असता, आणि यात कुणाला मध्ये पडावंसंही वाटलं नसतं, असं तो म्हणतो. 'कर्तव्य' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्या माद्यांना अपराधी वाटत नाही, उलट न मारल्याबद्दल अपराधी वाटेल.

मधमाश्यांचंच पुढचं घ्या. कामकरी माशी कधीकधी स्वतः अंडं घालते. ते फलित नसतं, त्यातून नर होऊ शकतो. पण इतर कामकरी ते अंडं शोधून खाऊन टाकतात. रॅटनिक्स आणि व्हिशर यांनी १९८९मध्ये हे दाखवून दिलं. कारणही सुरेख आहे. राणीचा अनेक नरांशी संग झालेला असतो, त्यामुळे पोळ्यातल्या बहुतेक कामकरी सावत्र बहिणी. सावत्र बहिणीच्या मुलापेक्षा राणीचा मुलगा, म्हणजे भाऊ, नात्याने जवळचा पडतो. अशा समाजाच्या कायद्यात सगळ्यात मोठा गुन्हा कोणता असेल? गुपचूप आई होणं.

आता तुमच्या कोळ्यांकडे. तुम्ही अर्धीच माहिती घेतलीत. स्टेगोडायफसच्या ज्या जाती समूहाने राहतात, त्यांतल्या एकीत असं आढळलंय की ज्यांचं कधी मीलनच झालं नाही अशा माद्याही पिल्लांना रस भरवतात आणि पिल्लं त्यांनाही खातात. म्हणजे मावश्यासुद्धा! तुमच्या मैत्रिणीच्या आक्षेपाचं उत्तर मला इथे दिसतं. हे मातृत्व नाहीच. त्या जाळ्यात प्रौढ असणं म्हणजेच खाल्लं जाण्याच्या वाटेवर असणं. 'आईची माया' ही चौकट बाजूला ठेवा आणि विचारा, ज्या मादीला कुणीच खाल्लं नाही तिच्याकडे बाकीचे कसे बघतील?

आणखी एक बीज देऊन ठेवते, हवं तर वापरा. ऑक्टोपसची मादी अंडी राखताना खाणं सोडते आणि पिल्लं बाहेर येण्याच्या सुमारास मरते. खोल समुद्रातल्या एका मादीवर संशोधकांनी लक्ष ठेवलं होतं, ती त्रेपन्न महिने अंड्यांवर बसून होती. वाटेल की बिचारी झिजून मेली. पण वोडिन्स्की यांनी १९७७मध्ये अशा माद्यांच्या डोळ्यांजवळच्या दोन ग्रंथी काढून टाकल्या, तर त्यांनी अंडी सोडली, पुन्हा खायला लागल्या आणि जास्त जगल्या. मरण त्या ग्रंथींनी ठरवलेलं होतं. समजा, विचार करणाऱ्या अशा समाजात ही शस्त्रक्रिया शोधली गेली. आधी कोण जाईल? परत आल्यावर तिला काय म्हणतील? त्यांच्या इतिहासात पहिल्यांदाच एक पिढी दुसरीला भेटेल. त्या भेटीसाठी त्यांच्याकडे शब्दच नसेल.

---

कोळिष्टक

सूक्ष्मदर्शी, मावश्यांचं वाचून मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. 'जिला कुणीच खाल्लं नाही ती.' मला तिचा चेहराच दिसला.

पानगळ, मागण्याबद्दलचं तुमचं निरीक्षण बरोबर आहे. नेथ आईला काहीच मागत नाही, कारण मला वाटलं होतं की मागणं माणसाचं आहे.

---

उत्तरध्रुव

मी थोडा विरोधात बोलतो.

सूक्ष्मदर्शींचं सगळं पटलं, पण शरीरावरून मूल्यं काढायला लागलो की एक अडचण येते. सगळा समाज एका साच्यातून काढल्यासारखा होतो. सगळे इलूर असं मानतात, सगळे त्लिक तसं मानतात. माणसाचं शरीर सगळीकडे सारखंच आहे, तरी आपण मूल्यांवरून किती भांडतो! युद्ध करणारे आणि युद्धाला नकार देऊन तुरुंगात जाणारे एकाच शरीराचे. शरीर प्रश्न ठरवतं, उत्तर ठरवत नाही. इलूरांपुढचा प्रश्न आपल्यापेक्षा वेगळा असेल, पण त्यावर त्यांच्यातही दोन तट पडतील, नास्तिक असतील, कंटाळलेले असतील, नियमाची पळवाट काढणारे असतील. ते नसले तर तो समाज नव्हे, ती नोंदवहीतली एक जात झाली.

दुसरी गोष्ट मला जास्त सतावते. 'यांची मूल्यं माणसाची नाहीत' हे वाक्य माणसांनी माणसांबद्दल फार वेळा वापरलंय, आणि त्यानंतर जे झालं ते भयानक आहे. एच. जी. वेल्स यांना हे ठाऊक होतं. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' १८९८मध्ये पुस्तकरूपाने आलं. त्याच्या पहिल्याच प्रकरणात ते वाचकाला सांगतात की मंगळवासीयांना नावं ठेवण्याआधी युरोपियनांनी टास्मानियाच्या लोकांचं काय केलं ते आठवा. म्हणून परका समाज लिहिताना मी स्वतःला आधी विचारतो: हे बघतंय कोण, आणि त्याच्या बघण्यात चूक कुठे आहे?

ऑर्सन स्कॉट कार्ड यांच्या १९८६च्या 'स्पीकर फॉर द डेड'मध्ये हे फार नेटकं बसलंय. तिथले छोटे जीव एका शास्त्रज्ञाचं शरीर जिवंतपणी फाडतात. माणसांना तो खून वाटतो. त्या जीवांच्या जीवनक्रमात मात्र तो सर्वोच्च सन्मान असतो, कारण त्यांच्यातला ज्याचा असा सन्मान होतो त्याचं झाड होतं आणि तो पुढचं आयुष्य जगतो. माणसाचं झाड होत नाही, हे त्यांना माहीत नसतं. दोन्ही बाजू चुकतात, आणि चूक कळल्यावर त्या जीवांना बसलेला धक्का हा त्या कादंबरीतला माझ्या लेखी सगळ्यात खरा क्षण आहे. म्हणजे परक्यांना नुसती वेगळी मूल्यं देऊन भागत नाही. त्यांना चुकायची आणि हादरायची मुभा द्यावी लागते.

तेव्हा 'जिला कुणी खाल्लं नाही' तिला नुसती बहिष्कृत करू नका. कुणीतरी तिच्याशी बोलायला येत असेल. का येत असेल?

---

अनुस्वार

भाषांतर करतो, म्हणून फक्त भाषेबद्दल.

अर्सुला ले ग्विन यांच्या १९६९च्या 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मधल्या लोकांना एरवी लिंगच नसतं. महिन्यातले काही दिवस ते येतं, आणि तेव्हाही स्त्री व्हायचं की पुरुष हे आधी ठरलेलं नसतं. पण लेखिकेने सगळ्यांसाठी पुरुषवाचक सर्वनाम वापरलं, आणि त्याबद्दल नंतरच्या वर्षांत त्यांनी स्वतःच फेरविचार केला. इंग्रजीत हा प्रश्न एका सर्वनामापुरता असतो. आपल्याकडे क्रियापद, विशेषण, सगळ्यांनाच लिंग चिकटलेलं असतं. 'तो दमलेला बसला होता', 'ती दमलेली बसली होती', निवड टळत नाही. 'ते दमलेलं बसलं होतं' केलं तर मूल किंवा पिल्लू वाटतं. मग ते पिल्लू वाटणंच कामाला लावावं का? इलूरांत मोठ्यांनाही 'ते' म्हटलं आणि खाल्ल्या गेलेल्यांनाच 'ती', तर वाचकाला दोन पानांत नियम कळेल. समजावून सांगावा लागणार नाही.

उलट, एक सोय आपल्याकडे आहे जी इंग्रजीत नाही. 'आम्ही' आणि 'आपण'. व्हर्नर व्हिंज यांच्या १९९२च्या 'अ फायर अपॉन द डीप'मध्ये कुत्र्यांसारख्या चार-सहा प्राण्यांचा कळप मिळून एक व्यक्ती होते. त्यातला एक मेला तर ती व्यक्ती मरत नाही, पण पहिल्यासारखीही राहत नाही. नवा सभासद घ्यायचा म्हणजे स्वभाव बदलायचा. हे मराठीत आणायचं तर कळप स्वतःबद्दल 'मी' म्हणेल, नव्या प्राण्याला आत घेताना 'आपण' म्हणेल, आणि ज्याला नाकारलं त्याच्यासमोर 'आम्ही'. तीन शब्दांत स्वागत आणि नकार दोन्ही झाले.

तुमच्या मजकुरातला सगळ्यात जड शब्द 'आई' आहे. तो लिहिला की मराठी वाचकाच्या मनात जे उभं राहतं, ते आठ पायांनी हलत नाही. नवा शब्द घडवू नका, घडवलेले शब्द कोशात राहतात. रोजचाच साधा शब्द घ्या आणि त्याची जागा बदला. त्यांच्यात भेटल्यावर काय विचारतात? निरोप घेताना काय म्हणतात? शिवी कोणती? हे तीन ठरले की निम्मं काम झालं.

---

कोळिष्टक

चार दिवस लिहीत होते. वीस पानं बाजूला ठेवली, त्यातलं एक वाक्यही घेतलं नाही.

भेटल्यावर इलूर विचारतात, 'भूक आहे ना?' उत्तर, 'आहे.' शिवी आहे 'उरलेली'. रडणं काढून टाकलं. मोठ्यांना 'ते' केलं, अनुस्वार म्हणतात तसं. आई हा शब्द नाही. आता नेथला एक अडचण आहे, आणि ती तिच्या आजवरच्या कोणत्याही पूर्वजाची नव्हती. नवी सुरुवात देतेय:

"अठ्ठेचाळीस जणी आल्या होत्या. जाळ्याच्या मध्यावर ते बसून होतं, पाय अंगाखाली घेतलेले, पाठ मऊ पडलेली. येणाऱ्या प्रत्येकीला ते विचारत होतं, भूक आहे ना, आणि प्रत्येकजण आहे म्हणत होती. नेथ सगळ्यांच्या मागे थांबली. तिला सकाळपासून भूक नव्हती. आधी वाटलं होतं, जवळ गेल्यावर लागेल. आता वास येत होता, बहिणींचे जबडे हलू लागले होते, आणि तिच्या आत काहीही हललं नाही. वरच्या दोऱ्यावर एक उरलेली येऊन बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकलतही नव्हतं. नेथची पाळी आली. भूक आहे ना, त्याने विचारलं. त्याचा आवाज इतका आनंदी होता की नेथला खोटं बोलता येईना."

हे लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की मी मनातल्या मनात नेथला म्हणत होते, अगं खा, एक घास तरी खा. मीच. जिने आधीच्या मसुद्यात तिला रडवलं होतं.

उत्तरध्रुव, उरलेलीकडे बोलायला नेथ जाणार आहे. तिला विचारायचं आहे की तुला कुणी खाल्लं नाही, की तूच पळालीस. याचं उत्तर मला अजून माहीत नाही.

अठ्ठेचाळीस हा आकडा नुसता सुचला म्हणून घेतलाय. सूक्ष्मदर्शी, खटकत असेल तर सांगा.

---

सूक्ष्मदर्शी

आकडा खटकत नाही, पिल्लं कमी-जास्त असतातच. एकच सुचवते. पिल्लं शोषायला लागण्याआधीच तिचं आतलं बरंचसं विरघळलेलं असतं, तेव्हा 'पाठ मऊ पडलेली' हे अगदी योग्य आहे, पण आवाज खणखणीत राहणार नाही. आनंदी ठेवा, पण क्षीण करा. नेथला ऐकायला जवळ वाकावं लागू दे.

---

पानगळ

आता ती मागते आहे. पुढचं पान झालं की इथेच टाका.